जोडावरचा परका हात

ताईंना भीती वाटायला कारण लागत नसे. उलट कारण मिळाले की त्यांची भीती शहाण्यासारखी बाजूला सरून उभी राही. कुणाच्या बोटाला सोल्डरगनचा चटका बसला, तर त्यांचा आवाज एक पट्टी खाली येई. बोट नळाखाली, वर थंड पाण्याची धार, शेजारी स्टूल, 'फुंकर नको घालूस, पाणी पडू दे'. सगळे इतक्या बेताने होई की पाहणाऱ्याला ही बाई काळजाने दगडाची वाटावी. पुढे चटक्याची खूण मावळे, ज्याचे बोट तोही ते विसरून जाई, आणि मग एखाद्या दुपारी त्याच ताई जिन्याच्या पायरीवर बोटे एकमेकांत घट्ट अडकवून बसलेल्या दिसत. 'डोळ्याला लागलं असतं तर?' असे त्या स्वतःशीच पुटपुटत असत.

कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या एका दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांची कार्यशाळा भरे. खालून वाफ चढे, वरून वितळलेल्या कथलाचा आणि राळेचा वास उतरे, आणि जिन्याच्या वळणावर दोहोंची गाठ पडे. शिकायला येणारी माणसे वयाने चांगली मोठी होती. सगळी डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेली. बुटकी, रुंद तळव्यांची, आखूड बोटांची. 'या बोटांनी इतकं बारीक काम?' असे भेट द्यायला येणारे पाहुणे म्हणत, तेव्हा ताई काही उत्तर देत नसत. रोज सकाळी कुलूप उघडताना त्यांना स्वतःलाच तो प्रश्न पडे. फरक एवढाच, की पाहुणे चहा पिऊन निघून जात आणि ताईंना सोल्डरगन तापत ठेवाव्या लागत.

त्यांची उमेदीची वर्षे टीव्हीचे संच बनवणाऱ्या एका कारखान्यात गेली होती. सरकत्या पट्ट्याच्या अगदी शेवटी, तपासणीच्या टेबलावर त्या बसत. कारखाना बंद पडला तेव्हा भंगारात जाणाऱ्या सर्किटच्या पट्ट्यांचे एक खोके त्यांनी घरी आणले, कारण आई नुकतीच गेली होती आणि धाकट्या भावाचे हात दिवसभर रिकामे राहू लागले होते. त्या पट्ट्यांवरचे सुटे भाग काढता काढता भावाला नाद लागला. त्याच्यामागून त्याच्या ओळखीची एक मुलगी आली, मग एक मुलगा आला. त्यांच्या आईवडिलांनी 'आमच्यालाही बसवाल का हो?' असे चाचरत विचारले, आणि घरातली खोली पुरेना झाली तेव्हा ताईंनी लॉन्ड्रीवरच्या खोल्या घेतल्या.

शिकवण्याची त्यांची रीत उलटी होती. शेवटचा जोड आधी शिकवायचा. कार्यशाळेत बने ती बटणाची घंटी; बाकी सगळी ताईंनी तयार करून द्यायची; शिकणाऱ्याने फक्त अखेरची तार टेकवायची, कथील वितळवायचे, आणि बटण दाबायचे. घंटी वाजे. पहिल्याच दिवशी वाजे. मग शेवटून दुसरा जोड, मग तिसरा, असे मागे मागे सरकत माणूस आरंभापाशी पोहोचे, आणि तोवर महिने लोटले तरी त्याच्या हातून रोज काही ना काही वाजलेलेच असे. सोल्डरगनबद्दल मात्र एकच कायदा होता. ती हातातून हातात द्यायची नाही. स्टँडवर ठेवायची, ठेवणाऱ्याने 'गरम!' म्हणून ओरडायचे, घेणाऱ्याने 'बघितलं!' म्हणायचे, मगच उचलायची. दिवसभर ही हाकाहाक चाले. "ताई, वर शाळा भरते की लिलाव?" असे खालचा लॉन्ड्रीवाला विचारी.

वर बसणाऱ्यांत एक होती रेडिओ. ती बोलायला लागली की बंद करायचे बटण सापडत नसे. दुसरा पैलवान, आडदांड, पण सोल्डरगनमधून धुराची रेघ निघाली तरी टेबलाखाली शिरू पाहणारा. आणि साहेब. साहेब म्हणजेच ताईंचा तो धाकटा भाऊ. घरी त्या त्याला अरे-तुरे करत. कार्यशाळेचा उंबरा ओलांडला की 'तुम्ही'. साहेबांनीच ते ठरवून घेतले होते. "इथं मी तपासतो. इथं मला साहेब म्हणायचं," असे त्यांनी पहिल्याच वर्षी बजावले होते, आणि ताईंनी मान तुकवली होती.

ती घंटी म्हणजे वृद्धांना सांभाळणाऱ्या एका निवासासाठी बनवायची साधी वस्तू. म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी बटण. ते दाबले की बाहेर परिचारिकेच्या टेबलावर दिवा लागावा आणि बझर वाजावा. आतल्या पट्टीवरून दोन तारा निघत. पांढरी सरळ बझरला जाई. पिवळी दिव्याला जाई, पण ती निघे त्या जागी आधी एक रेझिस्टन्स बसवलेला असे, म्हणजे दिव्याला सोसवेल तेवढाच करंट पुढे जाई. दोघींची अदलाबदल झाली, तर दिवा एकदाच डोळे दिपवून कायमचा विझे, आणि बझर घशात काही अडकल्यासारखा नुसता गुरगुरे.

ही अदलाबदल पकडणे हे साहेबांचे काम. पूर्ण झालेली प्रत्येक पट्टी त्यांच्या टेबलावर येई. ते ती नाकाशी नेत. "साहेब वास घेतात," असे पैलवान म्हणे, आणि साहेब त्याच्याकडे न बघता, "तुझ्या पट्टीला घामाचा वास येतो," असे उत्तर देत. मग डाव्या हाताचा अंगठा एकेका जोडावरून आणि तारेवरून फिरे. 'पास' म्हटले की हिरवी टिकली लागे. 'परत' म्हणताना मात्र साहेबांचा चेहरा असा पडे की परत पाठवलेलाच त्यांची समजूत घाली. संध्याकाळी सगळे गेल्यावर ताई बॅटरी लावून टिकलीवाल्या घंट्या वाजवून बघत. कित्येक वर्षांत ते नुसते मनाचे समाधान होते. टिकली असलेली घंटी वाजली नाही, असे कधी झाले नव्हते.

आणि एका संध्याकाळी ते झाले. ताईंनी बटण दाबले. दिवा भपकन पेटून गेला. बझर गुरगुरला. ताईंनी पट्टी उलटी करून पाहिली. पांढरी आणि पिवळी एकमेकींच्या जागी होत्या, आणि कडेला हिरवी टिकली व्यवस्थित चिकटवलेली होती.

दुसऱ्या कुणी ही चूक 'होते कधीकधी' म्हणून सोडून दिली असती. ताईंना सोडून देता आले नाही, कारण त्यांनी राणीला पाहिले होते.

राणी कार्यशाळेतली वयाने सगळ्यांत मोठी. पन्नाशीला टेकलेली, ठसकेबाज, पैलवानाला 'ए बाळ' म्हणून हाक मारणारी. साहेबांच्या शेजारच्या बाकावर ती बसे. तिचे जोड आधी सैल पडू लागले. मग तार कुठली कुठे लागू लागली. मग एक दिवस ती जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी राहिली. वर जायचे होते की खाली, हे तिला सांगता येईना. पुढे पुढे 'माझा रुमाल चोरला', 'माझ्या जागेवर कुणीतरी बसून जातं' अशा तक्रारी सुरू झाल्या. ती दाराकडे बघत बसे. त्या दिवसांत ताई तिचे 'परत' आलेले काम सगळे गेल्यावर गुपचूप दुरुस्त करत, तिचा मान राहावा म्हणून. अखेर राणी घरीच राहिली, आणि काही महिन्यांनी गेली. तेव्हा तिच्या डॉक्टरांनी ताईंना समजावून सांगितले होते की विस्मरणाचा आजार या माणसांना इतरांपेक्षा फार लवकर गाठू शकतो, चाळिशीतही. डॉक्टर त्यापुढेही काही बोलले होते. पण 'चाळिशीतही' या शब्दापाशी ताईंचे कान बंद झाले, कारण त्याच वर्षी साहेबांनी चाळिशी ओलांडली होती.

त्या संध्याकाळी ताईंनी सोल्डरगन पुन्हा तापवली. दोन्ही जोड सोडवले, तारा जागच्या जागी लावल्या, नवा दिवा बसवला. घंटी वाजली. त्यांनी ती इतर घंट्यांमध्ये ठेवून दिली. साहेब त्या वेळी खाली लॉन्ड्रीत, नेहमीप्रमाणे गठ्ठ्यांशेजारी बसून ताईंची वाट बघत होते.

त्याच आठवड्यात आणखी एक निघाली. मग तीन. ताई रोज संध्याकाळी बॅटरी लावण्याआधी डोळे मिटून घेऊ लागल्या. त्यांचे बाकीचे लक्षही आता पहाऱ्यावर बसले होते. साहेबांनी चमचा ठेवायला उशीर केला, तरी त्या बघत. बुटाची नाडी बांधताना ते थांबले, की ताई मनातल्या मनात आकडे मोजू लागत. घरी त्या सहज विचारल्यासारखे विचारत, "अरे, काल आपण काय खाल्लं होतं रे?" साहेब सांगत. बरोबर सांगत. पण ताईंना त्याने धीर येत नसे. राणीलाही जेवण शेवटपर्यंत आठवत होते. डॉक्टरांकडे जायचे त्या रोज ठरवत आणि रोज टाळत. डॉक्टरांनी तो शब्द एकदा उच्चारला की तो घरात येऊन राहणार, मग त्याला बाहेर घालवता येणार नाही, असे काहीसे त्यांच्या मनाने घेतले होते. तोवर आपण दुरुस्त करत राहू, कुणाला कळायचे नाही, साहेबांना तर नाहीच.

पण साहेब बदलू लागले. निवासाकडे घंट्या आठवड्याने जात, तोवर त्या फळीवर असत. एका सकाळी साहेबांनी आल्याआल्या फळीवरची एक घंटी उचलली, उघडली, आतल्या जोडावर अंगठा ठेवला आणि तो तिथेच ठेवून उभे राहिले.

"काल इथं कोण आलं होतं?" त्यांनी विचारले.

"भूत!" रेडिओ म्हणाली. "पांढरं भूत आलं होतं, खालच्या चादरी पांघरून."

पैलवान टेबलाखाली गेला.

"गप गं," ताई म्हणाल्या. "काय झालं, साहेब?"

"हे मी पास केलेलं नाही. कुणीतरी येतं. संध्याकाळी येतं." साहेबांनी खोलीभर पाहिले, खिडकीकडे, दाराकडे, आणि ताईंकडे पाहायचे टाळून परत खिडकीकडे. "कुलूप नीट लावतेस ना?"

ताईंच्या हातातली तारेची गुंडाळी सुटून फरशीवर पडली. राणीनेही हेच म्हटले होते. जवळजवळ याच शब्दांत.

त्यानंतरचे दिवस ताईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. साहेब आता काम सोडून दाराकडे तोंड करून बसत. घरी आले तरी बूट काढायला तयार नसत. ताटातले अर्धे तसेच राही. ताईंनी जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला की अंग चोरत. ज्याने जन्मभर ताईंच्या खांद्यावर डोके टेकून दिवस संपवला, तो भाऊ आता त्यांच्या हाताकडे बघून मागे सरके. कुणाला तरी ते भीत होते. ताई त्यांच्यासाठी भीत होत्या. एका घरात दोन भित्री माणसे समोरासमोर बसून चहा पीत आणि एकमेकांना 'बरं आहे ना?' विचारत.

"साहेबांचं काहीतरी बिघडलंय," रेडिओने एक दिवस जाहीर केले. "परवा मी दोनदा गाणं म्हटलं तरी 'बंद कर' म्हणाले नाहीत."

"राणीसारखं?" पैलवानाने हळूच विचारले.

 साहेबांनी मान खाली घातली. ताईंनी ते पाहिले, आणि त्या रागाने, अकारण, पैलवानावर ओरडल्या.

त्या संध्याकाळी एकच घंटी बिघडलेली निघाली. ताईंनी दार लोटले होते, कडी घातली नव्हती. जोड सोडवून पांढरी तार चिमट्यात धरलेली असताना त्यांना जिन्यात पावले ऐकू आली. सावकाश, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढणारी पावले. ती त्यांनी हजारदा ऐकली होती.  पण या वेळी काहीतरी लपवायला हवे, हे कळत असूनही काय लपवायचे ते सुचेना.

साहेब दारात उभे राहिले. ताईंच्या हातातल्या तापलेल्या सोल्डरगनकडे त्यांनी पाहिले.

"गरम," ते म्हणाले.

"बघितलं," ताईंच्या तोंडून सवयीने गेले, आणि त्यांनी ती स्टँडवर ठेवली.

"तूच."

"अरे, मी जरा…"

"मला माहीत होतं. तुझा हात आहे. तुझ्या जोडाला वर टोक निघतं. आमचा सपाट." साहेब पुढे आले नाहीत. "पहिल्या दिवशीच कळलं."

"मग बोलला का नाहीस रे? मला वाटलं, तुला कुणीतरी चोर…"

"तूही नाही बोललीस."

 साहेबांची हनुवटी थरथरत होती. लहानपणी रडण्याआधी थरथरायची तशीच.

"राणीचं पण तू असंच करायचीस," ते म्हणाले. "सगळे गेल्यावर. मी बघितलं. विसरलेला डबा न्यायला वर आलो तेव्हा. तू राणीचे जोड करत होतीस. मग राणी जिन्यात थांबली. मग राणी घरी. मग राणी मेली." त्यांनी श्वास घेतला. "आता मी पास केलेले करतेस. मी कधी मरणार?"

ताई स्टुलावर बसल्या.  ज्याला सगळे पुसट होत चालले आहे असे समजून आपण महिनाभर त्याच्या बुटाच्या नाड्या मोजत होतो, त्याला राणीसाठी गुपचूप केलेली आपली जुनी गोष्ट जशीच्या तशी आठवत होती. तिच्यावरून त्याने पुढचा हिशेबही मांडला होता, आणि तो मांडून तो एकटाच भीत बसला होता. बूट यासाठी काढत नव्हता, राणीसारखे घरीच राहावे लागू नये म्हणून. हात यासाठी चुकवत होता.

"नाही रे मरणार," त्या म्हणाल्या.  "कुणी सांगितलं मरणार म्हणून?"

"कुणीच नाही सांगत. म्हणून तर." साहेब आता आत आले. "माझं काय चुकलं?"

आणि तेव्हा ताईंच्या ध्यानात आले की या प्रश्नाचे उत्तर साहेबांना कळणे शक्यच नव्हते. इतक्या चुका होऊन गेल्या, आणि त्यांतली एकही साहेबांना कुणी दाखवली नव्हती. इतरांच्या पट्ट्या 'परत' म्हणून बाकावर जात; साहेबांची चूक तेवढी रातोरात नाहीशी होई.

त्यांनी दोन तारांचे तुकडे कापून साहेबांच्या तळहातावर ठेवले. "पांढरी दे."

साहेबांनी अंगठ्याने दोन्ही चोळल्या. पुन्हा चोळल्या. "दोन्ही जाड."

"जाड-बारीक नको. रंग बघ."

"रंग नाही."

"नाही म्हणजे?"

"रंग कधीचा नाही, ताई." साहेब थोडे वैतागून बोलले, जणू ही सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. "लाल दिसतो. काळा दिसतो. पांढरा-पिवळा एकच. पांढरी जाड, पिवळी बारीक. तशी मी ओळखतो. आता नवीन रीळ आलं, दोन्ही जाड. मी विचारलं होतं."

"कुणाला?"

"तुला. तू म्हणालीस, तार तीच आहे साहेब, चालू द्या."

ताईंना ते आठवेना. खूप आठवून पाहिले, तरी आठवेना. जुने दुकान बंद झाल्यावर दुसरीकडून रिळे आणली होती, ते मात्र आठवले, आणि पहिली बिघडलेली घंटी त्यानंतरच निघाली होती, हेही. त्यांनी साहेबांचा चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला. हा चेहरा त्या रोज पुसत आल्या होत्या, दाढी करून देत आल्या होत्या. बुबुळाच्या मध्यात धुकट, दुधासारखे काहीतरी होते. दोन्ही डोळ्यांत. पट्टी नाकाशी नेणाऱ्या माणसाला सगळे इतकी वर्षे हसत होते.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण आणि घाईतल्या होत्या. साहेबांनी आधी त्यांच्या यंत्राच्या मागच्या वायरवर अंगठा फिरवला आणि 'पास' म्हटले. मगच हनुवटी टेकवली. मोतीबिंदू, दोन्हीकडे, चांगला पिकलेला, असे बाईंनी सांगितले. डाउन सिंड्रोम असलेल्यांना तो लवकर होतो, दरवर्षी डोळे दाखवायला हवे होते, हेही सांगितले. तेव्हा कुठे राणीच्या डॉक्टरांचे ते न ऐकलेले पुढचे वाक्य ताईंना पुसटसे आठवले. आधी डोळे, कान, थायरॉइड बघून घ्या, असे काहीतरी ते होते.

शस्त्रक्रियेचे नाव काढताच जुन्या भीतीच्या जागी नवी आली. साहेबांच्या हृदयाला लहानपणी छिद्र होते. भूल सोसेल का? टेबलावर हालले तर? हे सगळे प्रश्न विचारून झाल्यावर, साहेब बाहेर बाकावर बसलेले आहेत याची खात्री करून, ताईंनी आवाज खाली आणला.

"आणि डोकं? म्हणजे… विसरणं वगैरे? ते नाही ना?"

"ते मी नाही सांगू शकत," बाई म्हणाल्या. "डोळे स्वच्छ होऊ द्या, मग बघू. पुष्कळ चुका जातील."

"सगळ्या?"

"ज्या डोळ्यांच्या आहेत, त्या."

भूल सोसली. साहेब हालले नाहीत. हालायचे नाही असे त्यांना एकदाच, समोरासमोर सांगितले होते. दुसऱ्या डोळ्याचेही पार पडले. डोळ्यांवरची पट्टी सुटल्यावर त्यांनी ताईंकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "म्हातारी झालीस." पैलवानाचा शर्ट जांभळा आहे, हे कळल्यावर त्यांनी त्याला तो बदलून यायला सांगितले. पहिले काही आठवडे एकही घंटी संध्याकाळी अडली नाही, आणि ताई बटण दाबताना डोळे उघडे ठेवू लागल्या.

मग एके दिवशी दिवा भपकन पेटला आणि गेला.

ताई हातात घंटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. तारा आता पुन्हा जाड-बारीक आणलेल्या होत्या. रंग दिसत होते. जोड रेडिओच्या हातचे होते, आणि टिकली साहेबांची. डोळ्यांच्या चुका संपल्या होत्या. मग ही कुणाची? सोल्डरगन अजून गरम होती. दोन जोड सोडवायचे, दोन लावायचे. खाली कुणाला कळलेही नसते, आणि आजची रात्र तरी दोघांनाही झोप लागली असती. त्यांचा हात सोल्डरगनच्या मुठीवर गेलाही होता.

त्या जिन्यापाशी गेल्या. "साहेब, वर या," त्यांनी हाक मारली, आणि पुढचे बोलल्या, "तुमची एक चूक निघालीय."

लॉन्ड्रीतली इस्त्री थांबली.  मग पायऱ्यांवर पावले चढू लागली.

साहेबांच्या तोंडावरचा रंग उडाला होता. त्यांनी घंटी घेतली, पण उघडली नाही. "राणीसारखं?"

"माहीत नाही," ताई म्हणाल्या. हे दोन शब्द बोलणे त्यांना फार जड गेले. "मला माहीत नाही, साहेब. बसा. उघडून बघा."

साहेब बसले. त्यांनी झाकण काढले. ताई शेजारच्या बाकावर बसल्या, राणीच्या, आणि आपले हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले, कारण ते आपसूक पुढे जात होते. साहेबांनी पट्टी उजेडात धरली. एक तार पाहिली, दुसरी पाहिली. वेळ जात होता. ताईंच्या ओठांपर्यंत तीनदा 'पिवळी' आले आणि तीनदा परत गेले.

"ही इथं नको होती," साहेब अखेर म्हणाले.

"का झालं असं?"

"रेडिओ बोलत होती. तिच्या मावसबहिणीचं लग्न. मी ऐकत राहिलो, आणि टिकली लावली." ते थांबले. "किंवा विसरलो. कोणतं, ते नाही कळत."

"मलाही नाही कळत."

साहेबांनी सोल्डरगन उचलली, जोड सोडवला, तार फिरवली, कथील टेकवले. नवा दिवा बसवायला त्यांना दोनदा उलटसुलट करावे लागले. ताईंनी बॅटरी पुढे सरकवली आणि पुन्हा हात मांडीखाली घेतले. बटण साहेबांनीच दाबले. घंटी वाजली. ती वाजत असताना दोघांपैकी कुणीही हसले नाही.

"पुढची झाली की पण सांग," साहेब म्हणाले.

"सांगेन."

"मला आधी. डॉक्टरला नंतर."

"तुम्हालाच आधी," ताई म्हणाल्या, आणि साहेबांनी फळीवरची पुढची घंटी वाजवून बघायला त्यांच्यासमोर ठेवली.